एकवार, दोनवार, तीनवार

घाटकोपरात ज्यांचे बालपण गेले त्यांना जैनांच्या पर्युषणाचे दिवस पंचांगात शोधावे लागत नाहीत. गल्लीतील बिऱ्हाडांची पहाटेची लगबग, अनवाणी देरासराकडे, म्हणजे जैन मंदिराकडे, निघालेल्या बायकांच्या हातांतील पूजेच्या डब्या आणि संध्याकाळी लवकर विझणाऱ्या चुली यांवरूनच ते दिवस ओळखू येतात. या पर्वाच्या पाचव्या दिवशी महावीरजन्माचे वाचन होई आणि त्रिशलामातेला पडलेली चौदा स्वप्ने, चांदीच्या छोट्या प्रतिमांच्या रूपाने, वरून दोरीने हळूहळू खाली उतरवली जात. त्यांतील प्रत्येक स्वप्नाला हार घालण्याचा, ते मस्तकी धरण्याचा मान कोणाला मिळावा हे बोलीने ठरे, आणि ती बोली रुपयांत नव्हे तर तुपाच्या मणांत होई. आमच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे, भांड्यांचा व्यापार करणारे एक वृद्ध कच्छी गृहस्थ, ज्यांना आम्ही मराठी मुलेसुद्धा मोटाभाईच म्हणत असू, आम्हा दोघातिघांना तेथे घेऊन जात. ‘पंचवीस मण’, ‘एकतीस मण’, ‘एकावन्न मण’ असे आकडे सभागृहाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उसळत, पुकारणारा गृहस्थ ‘एक वार, बे वार’ म्हणून क्षणभर थांबे, आणि ‘त्रण वार’ हे शब्द त्याच्या तोंडून सुटताच मान मिळालेल्या कुटुंबातील लहानथोर उठून पुढे जात. तूप म्हणून तेथे काही आणले जात नसे. मण हे केवळ जुने परिमाण होते, त्याचा रुपयांतील दर संघाने पूर्वीच ठरवून ठेवलेला असे आणि ती रक्कम देवद्रव्यात, म्हणजे मंदिराच्या निधीत, जमा होई.

एका वर्षी लक्ष्मीच्या स्वप्नासाठी मोटाभाई बोलत राहिले, चढत गेले आणि एका आकड्यावर अचानक गप्प झाले. मान दुसऱ्या कुटुंबाला गेला. परतताना मी विचारले, अजून एकदा का बोलला नाहीत? त्यांनी मोडक्या पण प्रेमळ मराठीत उत्तर दिले, “आकडा घरी ठरतो, बेटा. इथे फक्त बोलायचा असतो.” पुढे आयुष्यात लिलावाविषयी मी पुष्कळ वाचले, काही लिलावांत स्वतः उतरलो, थोडे मिळवले आणि थोडे गमावले, परंतु त्या वाक्यापेक्षा अधिक उपयोगी असे एकही वाक्य मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. आज जो तो हातातल्या फोनवर बोली लावू शकतो, आणि ‘ऑनलाइन लिलावात यश कसे मिळवावे’ याचे सल्ले मागणारे तरुण मला भेटतात, तेव्हा त्यांना नव्या युक्त्या सांगण्यापेक्षा या जुन्या संस्थेचा इतिहास सांगावासा वाटतो. कारण पडद्यावरील लिलावाचा प्रत्येक नियम पूर्वी कोणीतरी चावडीवर, कचेरीत किंवा बाजारात आपले नुकसान सोसून शिकलेला आहे.

लिलाव हा शब्दच आपल्याकडे समुद्रावरून आला. पोर्तुगीजांचा ‘लेलाँव’ मराठीत लिलाव झाला, आणि हिंदीत त्याचेच रूप पालटून नीलाम झाले. ज्या साष्टी बेटाच्या पूर्वेकडील अंगावर घाटकोपर वसले आहे ते १५३४ च्या वसईच्या तहानंतर दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होते, त्यामुळे हा शब्द येथल्या मातीला परका वाटण्याचे कारण नाही. विदर्भात आजही कोंडवाड्यातल्या जनावरांचा किंवा आठवडी बाजाराच्या वसुलीचा ‘हर्रास’ होतो; तो शब्द अरबीतला. गोव्यात देवळात आलेल्या फळफळावळीची ‘पावणी’ होते. मामलेदार कचेरीतला जुना कारकून बोलीला ‘सवाल’ म्हणे, आणि ज्या किमतीखाली सरकार माल सोडणार नाही तो ‘सरकारी सवाल’ ठरे. एकाच व्यवहाराला इतके शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या माणसांनी तो व्यवहार किती परींनी अनुभवला असेल याची कल्पना करता येते.

परंतु शब्द परका असला तरी कल्पना परकी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात घर किंवा शेत विकण्याचा विधी सांगितला आहे: आधी नातलग, मग शेजारी, मग धनको यांना क्रमाने विचारावे, मग शेजारच्या चाळीस कुळांतील लोकांच्या समक्ष, त्या घरासमोरच, सीमा आणि वर्णन बिनचूक सांगून, ‘या किमतीला कोण घेतो’ अशी तीनदा घोषणा करावी, तीनही वेळा कोणी हरकत घेतली नाही तर घेणाऱ्याला घ्यावयाचा अधिकार प्राप्त होतो. दोघांच्या चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात जाते. दोन सहस्रांच्या आसपास वर्षे लोटली तरी ‘एकवार, दोनवार, तीनवार’ ही गणना सुटली नाही, याचे मला लहानपणापासून आश्चर्य वाटत आले आहे. तीन घोषणांचे प्रयोजन नाट्य वाढवण्याचे नव्हते. हरकत घेण्यास, शंका विचारण्यास आणि स्वतःच्या मनाशी पुन्हा एकदा विचार करण्यास दिलेला तो अवधी होता. चाळीस कुळे साक्षीला हवीत, वस्तूचे वर्णन बिनचूक हवे, आणि निर्णयापूर्वी क्षणभर थांबता आले पाहिजे, या तीन गोष्टी जेथे आहेत तेथे लिलाव हा न्याय्य व्यवहार असतो, आणि यांतील एकही सुटली की त्याचा जुगार होतो, असे माझे ठाम मत आहे.

घाटकोपरच्या परिसरातील जमिनींनी हात कसे बदलले याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. आजचे असल्फा म्हणजे जुने असल्पे. ते कुर्ला, मोहिली, कोळेकल्याण, मरोळ इत्यादी गावांबरोबर १८०८ साली होरमसजी बमनजी वाडिया यांच्याकडे गेले, आणि गेले ते लिलावाने नव्हे तर मुंबईत अपोलो बंदराजवळच्या त्यांच्या जागेच्या मोबदल्यात. दोन पक्ष, एक सनद, साक्षीला चाळीस कुळे नाहीत. गावात राहणाऱ्या आगरी-कोळ्यांना आपला खोत बदलला हे बहुधा वसुलीच्या वेळीच कळले असेल. उलट, घाटकोपरला लागूनच असलेल्या विक्रोळीची कथा वेगळी आहे. ते गाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारकडून फ्रामजी बनाजी यांच्याकडे आले होते, आणि १९४० नंतरच्या दोनतीन वर्षांत पिरोजशा गोदरेज यांनी तेथील जमिनीचा मोठा भाग उच्च न्यायालयाच्या रिसीव्हरकडून जाहीर लिलावात विकत घेतला. त्या काळी विक्रोळी म्हणजे मुंबईबाहेरचे खेडे. पूर्वेला खाडी, तिवरांची दाट झाडी, मिठागरे आणि भरतीच्या वेळी दूरवर शिरणारे पाणी. घाटकोपरसुद्धा शहराच्या हद्दीत १९५० साली आले. विक्रोळीच्या त्या लिलावात जमीन सर्वांपुढे सारखीच मांडलेली होती; इतरांना ज्या जागी दलदल दिसली तेथे एका माणसाला कारखाने, वसाहत आणि राखून ठेवावयाचे कांदळवन दिसले. लिलावात यश मिळवणाऱ्याला कोणती गुप्त वार्ता माहीत असते असे नाही. ज्या वस्तूकडे सर्वजण पाहत असतात तिच्याकडे तो अधिक वेळ आणि अधिक धीराने पाहतो.

न्यायालयीन लिलावाची दुसरी बाजू मात्र काळी आहे आणि ती महाराष्ट्राने फार दुःखाने पाहिली. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या जाळल्या, तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदतीचा कायदा झाला, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्या उद्रेकामागे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून होणारे जप्ती-लिलाव होते, आणि त्या लिलावांतील खरी व्यथा हातोड्यात नसून बोली लावणाऱ्यांच्या संख्येत होती. गावात रोकड बाळगणारा माणूस एकच, तो सावकार. दावा त्याचाच, हुकूमनामा त्याचाच, आणि विक्रीच्या दिवशी बोली लावणाराही तोच किंवा त्याचा माणूस. शंभर रुपयांची जमीन पाचपंचवीसला गेली तर त्यात कायद्याचा भंग काहीच नव्हता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्तीचा जाहीरनामा त्या मिळकतीवर किंवा तिच्या लगत दवंडी पिटून अथवा रूढ रीतीने पुकारावा, आणि घेणाऱ्याने किमतीचा चौथा हिस्सा जागच्या जागी भरावा व उरलेली रक्कम १५ दिवसांत भरावी, असे दंडक घातलेले आहेत. दवंडीचा तो ढोल ऐकून शेजारच्या चार गावांतले चार ग्राहक आले तरच त्या बोलीला अर्थ, हे त्यामागचे तत्त्व. आज आपली जुनी शिवणयंत्रे, पुस्तके किंवा कॅमेरे संगणकावर विकणाऱ्याने हे एक तत्त्व हृदयात कोरून ठेवावे. किमान किंमत किती ठेवावी याची चिंता करण्यापेक्षा आपली दवंडी किती कानांपर्यंत पोहोचेल याची चिंता त्याने करावी; नेमके नाव, निर्माता, साल, माप, नमुन्याचा क्रमांक हे सर्व शीर्षकात असावे, कारण शोधणारा त्याच शब्दांनी शोधतो, आणि एक ग्राहक वाढला की जी किंमत वाढते ती विक्रेत्याच्या कोणत्याही हट्टाने वाढत नाही.

खरेदी करणाऱ्याचा शत्रू, म्हणजे जिंकण्याचा हव्यास, निराळा आहे, आणि तो त्याच्या छातीतच राहतो. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलती इजाऱ्याने देण्याची जी पद्धत बोकाळली, तिचे वर्णन कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात केले आहे: जो अधिक रकमेचा आकडा बोलेल त्याला परगणा, तो पुढे पोटइजारदारांना तुकडे करून देणार, आणि मुदत संपण्यापूर्वी दुसरा कोणी अधिक बोलला तर पहिला बाद. ज्याने अवास्तव आकडा बोलून मामलत जिंकली त्याचा तोटा शेवटी रयतेच्या पाठीवर उतरे. १८६४ साली अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत लोटला तेव्हा बॅकबे भरणीचे समभाग मूळ रकमेच्या कित्येक पट भावाने गेले, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात युद्ध थांबताच त्याच कागदांना कोणी घेईना. तालेवार पेढ्या बुडाल्या. जिंकणाऱ्याच्या या दुर्दैवाला विद्वानांनी नाव दिले ते फार पुढे, १९७१ साली, जेव्हा मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या बोली तपासून तीन अमेरिकन अभियंत्यांनी दाखवून दिले, की वस्तूची खरी किंमत कोणालाच निश्चित ठाऊक नसताना जो सर्वांत अधिक बोलतो तो बहुधा तिचे मोल सर्वांत अधिक चुकलेला असतो. याला ते ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. मोटाभाईंना हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांना तो ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

जुन्या बाजारांनी बोलीचे दुसरे टोकही पाहिले आहे, जेथे सारे काही झाकून चालते. आंब्याच्या बाजारात अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबत आणि त्या दाबण्यातच भाव ठरे. ही हत्ता पद्धत. शेजारी उभ्या असलेल्या कोकणातल्या बागाइतदाराला आपल्या हापूसच्या पेटीचा भाव त्या कापडाबाहेर येईपर्यंत कळत नसे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला तो याच साठी. आणि घाटकोपरच्या व्यापारी गल्ल्यांत, गिरण्या-कारखान्यांतील कामगारांत, घरोघरच्या बायकांत चालणारी बोलीची भिशी हा तर घरगुती लिलावच. वीसजणांनी महिन्याला पाच हजार काढले की लाख रुपये जमतात. ज्याला ती रक्कम आत्ताच हवी तो ‘मी पंचाऐंशी हजारांत उचलतो’ म्हणतो, त्याहून गरजू दुसरा ‘ऐंशीत’ म्हणतो, आणि सुटलेली रक्कम बाकीच्यांत वाटली जाते. मुलीचे लग्न किंवा इस्पितळाचे बिल ज्याच्या दारात उभे आहे तो सर्वाधिक सोडतो. ज्याला घाई नाही तो अखेरीस हसतमुखाने पूर्ण रक्कम घेऊन जातो. गरज दिसली की भाव फिरतो, हे भिशीत बसलेल्या प्रत्येक गृहिणीला पाठ असते. म्हणूनच संगणकावर एखादी वस्तू पाहताच ‘मला ती हवीच’ असे मनात ठरवून पहिल्याच दिवशी एकामागून एक बोली चढवणारा ग्राहक मला भिशीतल्या त्या अडलेल्या माणसासारखा दिसतो.

१९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील पिएर ओमिद्यार नावाच्या एका तरुणाने आपल्या संगणकावर लिलावाचे एक दालन, पुढचे ईबे, उघडले आणि तेथे पहिल्या प्रथम विकला गेला तो बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे माहीत होते. तो अशीच मोडकी उपकरणे जमवत असे. या लहानशा प्रसंगात त्या संपूर्ण व्यापाराचे रहस्य आहे, कारण ज्या वस्तूला गल्लीतला भंगारवाला भंगाराचाच भाव देईल तिचा खरा कदरदान हजारो मैलांवर बसलेला असू शकतो. आपल्याकडे ही कल्पना मुंबईत रुजली. २००० साली येथे बाझी डॉट कॉम सुरू झाले, २००४ साली ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले, आणि ईबे इंडिया या नावाने चाललेले ते दालन २०१८ च्या ऑगस्टात बंद पडले. घाटकोपर स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत तासाला काही रुपये मोजून, पंख्याच्या घरघरीत, लाकडी फळीने तोडलेल्या खोपटात बसून मी माझी पहिली बोली लावली ती त्याच काळात. तेव्हाची दालने गेली, परंतु बँकांच्या जप्त सदनिका, रेल्वेचे भंगार, कलाकृती, नाणी आणि वाहनांचे पसंतीचे क्रमांक यांचे लिलाव आज संगणकावरच होतात. कुर्ला-असल्फ्याकडचा भंगाराचा व्यापारीसुद्धा आता आगाराच्या फाटकाशी उभा राहण्याऐवजी दुकानातल्या पडद्याशी बसून बोली लावतो.

या लिलावाचे एक तंत्र नवशिक्याने नीट समजून घ्यावे. पुष्कळ दालनांत आपण आपली कमाल रक्कम एकदाच सांगावयाची असते आणि यंत्र आपल्या वतीने, मुखत्यारासारखे, गरजेपुरतेच चढत जाते. समजा मी २,००० सांगितले आणि प्रतिस्पर्ध्याची मजल १,४०० वर संपली, तर मला वस्तू १,४०० आणि वर एक पायरी इतक्यातच मिळते. म्हणजे मी देणार ते माझ्या बोलीवर नव्हे तर माझ्यामागच्या माणसाच्या बोलीवर ठरते, आणि त्यामुळे खरी रक्कम लपवण्यात काहीच लाभ उरत नाही. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली हे गणिताने सिद्ध केले. १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झाले आणि अवघ्या तीन दिवसांत त्यांचे निधन झाले. ज्या दालनांत घड्याळ ठरल्या क्षणी थांबते तेथे अनुभवी ग्राहक शेवटच्या काही सेकंदांतच प्रकट होतात. ज्यांत शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत आपोआप वाढते, जसे आपल्या बँकांच्या ई-लिलावांत पाच-दहा मिनिटांनी होते, तेथे ही धावपळ व्यर्थ ठरते. तेव्हा बोलीपूर्वी नियमांत पहिली गोष्ट पाहावी ती घड्याळाची. वाढणारी मुदत ही मला कौटिल्याच्या तिसऱ्या घोषणेची वंशज वाटते, आणि तीच मला अधिक न्याय्य वाटते.

माझी स्वतःची चूक सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. वडिलांच्या दिवाणखान्यात होता तसा लाकडी पेटीचा मर्फी रेडिओ मला फार दिवस हवा होता. एका रात्री एका दालनावर तो दिसला: सागवानी चकाकी, सोनेरी जाळीचे कापड, काचेच्या पट्टीवर केंद्रांची नावे आणि दोन्ही गोल बटणे शाबूत. चित्र एकच होते, समोरून घेतलेले. मी आकडा ठरवला होता, पण शेवटच्या दहा मिनिटांत त्या आकड्याच्या दीडपट गेलो आणि जिंकलो. आठ दिवसांनी खोका आला. वर्तमानपत्रांच्या चुरगळलेल्या गोळ्यांतून पेटी बाहेर काढली, मागचा पुठ्ठा सोडवला, आणि आत पाहिले तर व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्सफॉर्मर नाही, सांगाडाच नाही; तळाशी धूळ, एक गंजका स्क्रू आणि कोळ्याचे वाळलेले जाळे. वर्णनाच्या अखेरच्या ओळीत ‘शोभेची वस्तू’ असे दोन शब्द होते आणि ते मी वाचले नव्हते. विक्रेत्याने अर्धसत्य सांगितले, हे खरेच. पण बँकांच्या लिलावाच्या जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द छापलेले असतात ते उगीच नव्हे, आणि न पाहता घेणाऱ्याने पाठीमागचे, तळाचे, आतले चित्र मागितलेच पाहिजे, प्रश्न लेखी विचारून त्याचे लेखी उत्तर जपून ठेवलेच पाहिजे, हा धडा मी त्या रिकाम्या पेटीसमोर बसून शिकलो. भाऊच्या धक्क्यावर बोली लावणारी कोळीण टोपलीतली मासळी वरवर पाहून कधी बोलत नाही. ती कल्ले उघडून पाहते.

त्यानंतर मी जेव्हा विकण्यास बसलो तेव्हा उलट बाजूने हेच केले. एका स्नेह्याच्या पश्चात त्याच्या पत्नीने टपाल तिकिटांचा आणि प्रथमदिन पाकिटांचा संग्रह माझ्या हवाली केला. प्रत्येक पाकिटाची दोन्ही अंगे, वाळवीने खाल्लेला कोपरा, फिकटलेला शिक्का, डिंकाचा डाग मी दिवसाच्या उजेडात टिपला आणि दोष आधी, गुण नंतर अशा क्रमाने लिहिला. सुरुवातीची किंमत कमी ठेवली, म्हणजे लोक यावेत. समाप्ती रविवारी रात्री आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवली, म्हणजे घरी निवांतपणा असावा आणि हाती पगार असावा. वहिनींना माझा दोषांचा पाढा आवडला नव्हता. “अहो भाऊजी, असं लिहिलंत तर घेईल कोण?” असे त्या म्हणाल्या होत्या. परंतु ज्या खरेदीदाराला वस्तू हाताळता येत नाही त्याला लिहिलेला दोष हाच विश्वासाचा पुरावा वाटतो, आणि त्या संग्रहाला मी मनाशी धरलेल्या अंदाजाहून पुष्कळ अधिक रक्कम आली. एक मोह मात्र आवर्जून टाळावा. भाव चढावा म्हणून मेहुण्याच्या किंवा मित्राच्या नावाने बोली लावणे हा केवळ अप्रामाणिकपणा नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार अशा बनावट बोलीने फुगवलेली विक्री घेणाऱ्याला रद्द करता येते.

फसवणुकीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण हल्ली वृद्ध माणसे तिला बळी पडतात. दालनाबाहेर परस्पर व्यवहार करू, स्वस्त पडेल, असे जो म्हणतो तो चाळीस कुळांच्या साक्षीतून तुम्हाला बाहेर काढत असतो. पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर चिन्ह टिपा आणि आपला गुप्त अंक टाका असे सांगणारा खरेदीदार नसतोच. पैसे येताना तो अंक कधीही लागत नाही. आणि जुन्या नाण्यानोटांचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असे रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन सांगणारे इतके माजले, की २०२१ च्या ऑगस्टात खुद्द त्या बँकेलाच निवेदन काढून आपला अशा व्यवहारांशी संबंध नाही असे जाहीर करावे लागले.

जुन्या वस्तूंच्या नादी लागलेल्यांनी १९७२ चा पुरावस्तू कायदाही माहीत करून घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, परदेशी विकण्यास खाजगी व्यक्तीला मज्जाव आहे. हा कायदा येण्यापूर्वी काय काय समुद्रापार गेले याचा हिशेब मनाला लागतो. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची, पाठीवर देवनागरी अक्षरे कोरलेली सरळ पात्याची फिरंग २०२५ च्या एप्रिलात लंडनच्या सदबीज लिलावात निघाली. वार्ता कळताच महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावली आणि ती ४७ लाख १५ हजार रुपयांत मिळवली. ज्या दिवशी ती तलवार मुंबईत उतरली त्या दिवशी मी वर्तमानपत्रातले तिचे छायाचित्र कापून ठेवले. एका जुन्या राज्याची वस्तू हातोड्याखाली परक्या देशात उभी राहावी हे दुःख आहेच. परंतु लिलाव जाहीर होता, दवंडी येथवर पोहोचली, म्हणून तरी ती परत आली, नाहीतर एखाद्या बंद खोलीतल्या सौद्यात ती कायमची नाहीशी झाली असती.

गेल्या महिन्यात गारोडियानगरात राहणारा माझा भाचा एका संध्याकाळी संगणक घेऊन आला. शिवराई नाण्यांचा त्याला छंद लागला आहे आणि एका नाण्याची बोली त्या रात्री संपणार होती. मी त्याच्याकडून नाण्याच्या दोन्ही बाजूंची मोठी चित्रे मागवून घेतली होती. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे एका बाजूला आणि ‘छत्रपति’ दुसऱ्या बाजूला, झिजलेली पण वाचता येतील अशी. गेल्या वर्षभरात तशी नाणी कोणत्या भावाने गेली ते त्याने वहीत उतरवले होते. ते पाहून त्याने एका चिठ्ठीवर १,८०० असा आकडा लिहिला, वाहतूक खर्च धरून, आणि ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. शेवटच्या मिनिटाला पडद्यावर १,८५० उमटले. त्याचे बोट कळफलकावर थबकले आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

“मामा, पन्नासच रुपये.”

मी काही बोललो नाही. फक्त चिठ्ठी उघडून त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. सेकंद उतरत गेले. त्याने बोट उचलले, संगणक मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बहिणीला चहा टाकायला सांगितले.